बोटावरचा ऑक्सिमीटर

कोरोनाच्या साथीत घरोघरी पोचलेला ऑक्सिमीटर अजून कुठल्यातरी खणात पडून असेल. त्यातून दोन किरण बोटात शिरतात, एक लाल, दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजनने भरलेलं रक्त अवरक्त किरण जास्त शोषतं, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त लाल. पण बोटात कातडी आहे, हाड आहे, शिरांमधलं रक्तही आहे. त्यातून धमनीतलं रक्त वेगळं काढायचं कसं?

जपानी अभियंते ताकुओ आओयागी खरं तर वेगळंच काही मोजत होते, आणि नाडीचे ठोके आलेखात सारखी लुडबुड करत होते. १९७०च्या दशकात त्यांनी ती लुडबुडच कामाला लावली. ठोक्यागणिक जे बदलतं, ते धमनीचं! डोकं म्हणतात ते हे.

आता एक खोट. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांचा ऑक्सिजन घसरलेला असूनही यंत्राने आकडा चांगला दाखवल्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. म्हणजे आपल्या सावळ्या बोटांनीही सावध राहायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या यंत्रांची चाचणी त्वचेच्या निरनिराळ्या छटांच्या अधिक माणसांवर करण्याचा मसुदा मांडला.

तोवर हात गरम ठेवा, नेलपॉलिश पुसा, आकडा स्थिरावू द्या. आणि धाप लागत असेल, तर यंत्र शहाण्णव दाखवत असलं तरी डॉक्टरांकडे जाच.