पाना कोणी धरायचा?

(१९८१ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोपवला आहे. मी उभा जन्म बँकेत काढला. बँकेवर बोलायला लागलो तर तुम्ही जेवणाच्या पंगतीकडे पळाल, हे मला ठाऊक आहे. म्हणून माझ्या दुसऱ्या संसाराबद्दल बोलतो. माझ्या वडिलांनी १९८४ साली घेतलेली पांढरी प्रीमियर पद्मिनी अजून माझ्याकडे आहे. सकाळपासून तुमच्यापैकी निदान दहा जणांनी विचारलं, "अजून चालते?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "काम स्वतः करतोस की मेस्त्रीकडे देतोस?" पहिल्याचं उत्तर एका शब्दाचं आहे : चालते. दुसऱ्याला मात्र दहा मिनिटं लागतील.

आपल्याबरोबर आज जी नातवंडं आली आहेत, त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. ही गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. मूळ वंश इटलीच्या फियाट ११०० चा. त्या घराण्यातल्या आधीच्या गाडीला आपण लहानपणी 'डुक्कर फियाट' म्हणायचो. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे वर्षानुवर्षं हीच गाडी. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली.

आजच्या गाडीचं बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण दिसतं. पद्मिनीचं उघडलं की इंजिन दिसतं, आणि दोन्ही बाजूंनी हात घालायला जागा असते. त्यामुळे 'आपणच करू की' हा मोह होतोच. जुन्या गाडीवाल्यांत याचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, मेस्त्री लुटतात, स्वतः शिका. दुसरा म्हणतो, ज्याचं काम त्यानं करावं, आपण पैसे मोजावेत आणि चावी घ्यावी. मी दोन्ही पंथांच्या बैठकींना बसलो आहे, दोन्हीकडचा चहा प्यायलो आहे आणि माझ्यापुरता एक नियम केला आहे.

जे काम बिघडलं तर गाडी चालणार नाही, ते माझं. जे काम बिघडलं तर गाडी थांबणार नाही, ते मेस्त्रीचं.

पहिल्या खात्यात काय येतं? प्लग काढून साफ करणं, पॉइंट घासून फीलर गेजने गॅप लावणं, कंडेन्सर बदलणं, कार्ब्युरेटरच्या जेटमधला कचरा फुंकून काढणं, फॅन बेल्ट, एअर फिल्टर, इंजिन ऑईल, ग्रीस मारणं. उन्हाळ्यात ही गाडी भर ट्रॅफिकमध्ये एकदम बंद पडते. पेट्रोल पंप इंजिनला चिकटून असतो, तो तापतो, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल मिळत नाही. अशा वेळी पंपावर ओलं फडकं ठेवायचं, दहा मिनिटं सावलीत थांबायचं, सेल्फ मारायचा. याला मेस्त्री कशाला हवा? तसंच आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी पाइपांना ते मानवत नाही. ते फुगतात, चिरतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण. दर रविवारी बॉनेट उघडून पाइपावरून बोट फिरवणं हे मालकाचंच काम. मेस्त्रीकडे गाडी वर्षातून चार वेळा जाते, आपल्याकडे रोज असते.

आता दुसरं खातं. ब्रेक, स्टिअरिंग, पुढची किंगपिन आणि बुश, सस्पेन्शनची स्प्रिंग. ब्रेकचंच घ्या. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं. वरून ते दिसत नाही. गावात गाडी फिरवली तर कळतही नाही. पण आंबा घाट उतरताना ड्रम तापतात, ती उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत जाते, ऑईलमधल्या पाण्याची वाफ होते आणि पाय पेडलवर ठेवला की पेडल सरळ तळाला जातं. अशा ठिकाणी 'मी व्हिडिओ बघून शिकलो' हे उत्तर चालत नाही. तिथे ज्याच्या हाताखालून शेकडो ड्रम गेले आहेत, असा माणूस हवा. स्प्रिंगचंही तेच. दाबलेली स्प्रिंग सुटली तर काय करते, हे कुठल्याही जुन्या फिटरला विचारा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, मालकानेही नाही आणि मेस्त्रीच्या पोऱ्यानेही नाही. खाली स्टँड हवाच.

तिसरंही एक खातं आहे, ते आपल्या कोल्हापूरकरांच्या नशिबाचं. इंजिन फार तापलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. मग ते घासून सपाट करावं लागतं. सिलिंडर झिजले की बोअर करावे लागतात, क्रँक ग्राइंड करावा लागतो. हे काम ना माझं, ना गॅरेजवाल्याचं. ते मशीनवाल्याचं. दुसऱ्या गावचे लोक त्यासाठी गाडीचं इंजिन टेम्पोत घालून फिरतात. आपण उद्यमनगरात सायकलवर हेड घेऊन जाऊ शकतो.

आता तुम्ही म्हणाल, निम्मं काम स्वतः केल्यावर मेस्त्रीचं बिल निम्मं होत असेल. खरं सांगू? मी हिशेबाचा माणूस आहे, वहीत सगळं टिपून ठेवतो. स्वतः करण्यात बचत फारशी नाही. पान्यांचा सेट, फीलर गेज, स्टँड, हे सगळं घ्यावं लागतं. ज्या कामाला मेस्त्रीला चाळीस मिनिटं लागतात, त्याला मला सगळी सकाळ लागते. फायदा आहे तो दुसराच. एक उदाहरण देतो.

तीन वर्षांपूर्वी गाडी मिसिंग मारायला लागली. मी प्लग तपासले, पॉइंट नवे घातले, कंडेन्सर बदलला, वायरी बदलल्या. गॅप लावली की दोन दिवस बरी चाले, परत तेच. हे सगळं तारखांसह वहीत होतं. ती वही घेऊन मी मेस्त्रीकडे गेलो. त्यानं ती शांतपणे वाचली. मग डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, आतला शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवला आणि म्हणाला, "लेका, बुश गेलाय. शाफ्ट डुलतोय, मग गॅप कशी टिकंल?" दहा मिनिटांत निदान झालं. माझ्या वहीमुळे त्याचे चार फाटे वाचले आणि त्याच्या बोटांमुळे माझे चार महिने वाचले. स्वतः काम करण्याचा खरा फायदा हा. आपल्याला गाडीची भाषा येते आणि मेस्त्रीशी बोलता येतं. ज्याला काहीच कळत नाही, तो एक तर मेस्त्रीवर आंधळा विश्वास ठेवतो किंवा आंधळा संशय घेतो. दोन्हींत नुकसान गाडीचं.

हा मेस्त्री कोण, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना कळलंच असेल. आपल्या 'ब' तुकडीतला, मागून दुसऱ्या बाकावरचा. नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही, म्हणून घेत नाही. दहावीनंतर घरच्या परिस्थितीमुळे तो गॅरेजात लागला, तो आजतागायत. गिऱ्हाइकांसमोर तो मला 'साहेब' म्हणतो, ते मला टोचतं. दोघंच असलो की 'लेका' म्हणतो, तेव्हा बरं वाटतं.

त्याच्याबद्दल एक गोष्ट आज बोलायचीच, असं ठरवून आलो आहे. आपण सगळे डॉक्टर मित्राकडे जातो, वकील मित्राकडे जातो, त्यांची फी मुकाट्यानं देतो. पण गॅरेजवाल्या मित्राकडे गेलो की आपल्याला एकदम दोस्ती आठवते. "आपल्यात कसले पैसे!" हे वाक्य मी त्याच्या गॅरेजात फार वेळा ऐकलं आहे, आणि ते म्हणणारा तो नसतो, गिऱ्हाईक असतं. सामानाचे पैसे द्यायला कोणी कुरकुरत नाही, कारण त्याची पावती असते. कुरकुर असते ती मजुरीवर. म्हणजे दुकानातून आणलेल्या बुशची किंमत आहे, पण तो बुश गेलाय हे ओळखणाऱ्या बोटांची नाही. मित्रहो, दोस्ती आहे म्हणूनच पूर्ण पैसे द्यायचे. मी त्याला मजुरी विचारत नाही. गावातला जो दर आहे तो पाकिटात घालून देतो. पहिल्या वेळी त्यानं पाकीट परत केलं. मी म्हटलं, "मग पुढच्या वेळी दुसरीकडे जाईन." तेव्हा ठेवून घेतलं.

सर, आता एक गोष्ट बोलतो, रागावू नका. आपल्या वेळी गणित चुकलं की एक वाक्य ठरलेलं होतं, "अभ्यास करा, नाहीतर गॅरेजात पाना धरावा लागेल." तुम्ही ते आमच्या काळजीपोटी म्हणत होता, हे आम्हाला तेव्हाही कळत होतं. त्या वाक्यानं आमच्यातले अनेक जण अभ्यासाला लागले, मीही. पण ते वाक्य मागून दुसऱ्या बाकावरही ऐकू जात होतं. ज्याला खरोखर पाना धरावा लागला, त्यानं चाळीस वर्षं असा पाना धरला की आज माझं कुटुंब त्या ब्रेकच्या भरवशावर घाट उतरतं. पाना धरणं ही शिक्षा नव्हती. ती विद्या होती, फक्त तिला आपल्या प्रगतिपुस्तकात रकाना नव्हता.

आणि ही विद्या आता चालली आहे. माझ्या मित्राचा मुलगा पुण्यात कंपनीत आहे, सुखात आहे. गॅरेजात शिकायला येणारी मुलं लॅपटॉप लावून दोष शोधायच्या गाड्यांवर शिकतात. त्यात चूक काही नाही, पोट तिथेच आहे. सुटे भाग अजून मिळतात. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला फिरलं की काही ना काही हाती लागतं. पण कार्ब्युरेटर कानानं लावणारा माणूस दुकानात मिळत नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. माझी पद्मिनी २०३४ साली पन्नाशीची होईल. तेव्हा माझा मेस्त्री आणि मी, दोघंही सत्तरीला टेकलेले असू. गाडीची नोंदणी होईल हो, पण तिचे टॅपेट कोण लावणार?

म्हणून मुख्याध्यापिका बाईंना सगळ्यांसमोर एक विनंती करतो. आपल्या वेळी कार्यानुभवाचा तास असायचा. आम्ही त्यात खडू केले, पाकिटं चिकटवली. महिन्यातला एक शनिवार नववीच्या मुलामुलींसाठी आम्हाला द्या. गाडी मी आणतो. चाक कसं बदलायचं, प्लग कसा काढायचा, पेट्रोलची ठिणगी कशी होते आणि ठिणगीचं चाक कसं फिरतं, हे आमचा मित्र शिकवेल. त्याच्याशी मी बोललो आहे. तो आधी म्हणाला, "मी काय शिकवणार, मला बोलता येत नाही." मग दोन दिवसांनी स्वतःच फोन करून विचारलं, "एका वेळी किती पोरं असतील? पाने कमी पडायला नकोत."

पान्यांचा खर्च आपल्या तुकडीनं उचलावा. आणि शिकवण्याचं मानधन शाळा इतर पाहुण्या शिक्षकांना जितकं देते, तितकंच त्याला द्यावं. ते तो परत करेल. तेव्हा काय म्हणायचं, ते मी आत्ताच तुम्हाला सांगितलं आहे.