तिऱ्हाइताचे भांडार

शाळेतील संगणक उबुंटू या मुक्त प्रणालीवर चालत असला व हवी ती आज्ञावली मूळ भांडारात मिळाली नाही, की तिऱ्हाइताचे भांडार जोडण्याचा मोह होतो. त्याची किल्ली स्वीकारली म्हणजे त्याचा माल प्रशासकाच्या अधिकारानिशी आत शिरू शकतो. मागितलेल्या वस्तूपुरताच तो राहील, असे नव्हे. किल्लीवरून पाठविणारा ओळखतो, त्याची नियत नव्हे. आर्च लिनक्सच्या वापरकर्त्यांच्या भांडारात जुलै २०१८ मध्ये ‘अ‍ॅक्रोरीड’ ही बेवारस नोंद एका अनोळखी इसमाने नियमांस धरूनच दत्तक घेतली व तीत घातक ओळी घातल्या. तेथील बांधणीची कृती कोणासही वाचता येते, म्हणून लबाडी उघडकीस आली. पण वाचतो कोण? जोडलेले भांडार मागाहून काढता येते. त्यातून आलेली आज्ञावली मात्र निराळी काढावी लागते.