पुनरारंभाचें धैर्य



ज्यांचा उद्योग ऐन उमेदींत बुडाला असेल, त्यांच्यासाठीं हे दोन शब्द. इ. स. १५२१ मध्यें पांपलोनाचा किल्ला राखतांना तोफेच्या गोळ्यानें इग्नेशियस लोयोला यांचा उजवा पाय मोडला. बूट नीट बसावा म्हणून वर आलेलें हाड त्यांनीं कापविलें. एवढी शिपाईबाण्याची हौस! तरी पाय आखूडच राहिला आणि तो पेशा संपला. पुढें १५२४ मध्यें, तिशी उलटलेला हा सरदारपुत्र बार्सिलोनांत लॅटिन व्याकरण शिकूं लागला. क्रियापदें घोकतांना मन भटके. तेव्हां दोन वर्षें एकही पाठ न चुकविण्याचें वचन त्यांनीं गुरुजींस दिलें. माझ्या मतें शस्त्रक्रियेहून हें घोकणेंच अधिक धैर्याचें होतें. पॅरिस विद्यापीठाची मास्टर ऑफ आर्ट्स ही पदवी हातीं आली ती १५३५ सालीं, चाळिशी उलटल्यावर.