सिस्टर, तुम्ही जेवलात का?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मी आयुष्यभर नर्स होते. पेशंट आम्हाला 'सिस्टर' म्हणतात. आज मी खऱ्या सिस्टर्सची, म्हणजे नन्सची गोष्ट सांगणार आहे.

इथे नंदुरबारला वॉर्डात असताना धडगाव, अक्कलकुव्याकडून आलेल्या बायका डॉक्टरसाहेबांसमोर गप्प बसत आणि नंतर मला कानात दुखणं सांगत. शंभर वर्षांपूर्वी रावळपिंडीत ऑस्ट्रियाच्या डॉक्टर ॲना डेंगल यांनी हेच पाहिलं. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नसत, आणि नन्सना बाळंतपण करायला चर्चची मनाई होती. म्हणून १९२५ मध्ये दोन डॉक्टर आणि दोन नर्स अशा चौघींनी अमेरिकेत 'मेडिकल मिशन सिस्टर्स' हा संघ काढला. १९३६ मध्ये रोमने ती मनाई उठवली.

त्यांच्याच पाटण्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलात १९४८ साली मदर तेरेसा शिकायला गेल्या. वय ३८, तोवरचं आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलेलं. नुसती दया पुरत नाही, हात शिकलेला लागतो, हे त्यांना कळत होतं. आपल्या सिस्टर्स गरिबांसारख्या भात-मीठ खाऊन राहतील, असं त्यांच्या मनात होतं. तिथल्या सिस्टर्सनी समजावलं, अशाने त्याच आजारी पडतील, मग सेवा कोण करणार? मदरनी ते ऐकलं.

हे मला फार उशिरा कळलं. तरुणपणी एकदा सलग दोन ड्युट्या केल्या, पोटात नुसता चहा. भलत्याच पेशंटचं इंजेक्शन हातात घेऊन मी खाटेपाशी उभी होते. सीनिअर बाईंनी हात धरला म्हणून निभावलं. ती खाट अजून डोळ्यांसमोर येते.

आज आपल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी अंथरुणावर आहे. आपण विचारतो, 'आप्पा कसे आहेत?' त्यांचं करणाऱ्या सुनेला, पगारी मावशीला कोण विचारतं? आमच्याकडे यांचं आजारपण चाललं होतं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकू रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. म्हणायच्या, 'तू जेव आणि तासभर पड. मी बसते यांच्याजवळ.'

त्या तासाभरावर मी तीन महिने काढले. पंचवीस वर्षांत सोसायटीने मला पुष्कळ दिलं, पण सगळ्यात मोठं हेच. तो तास आपण एकमेकांना देत राहू.