दिवाणी दाव्याच्या पायऱ्या
(पिंपळवंडी येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. तो उपदेश खोटा नव्हे. परंतु दुसऱ्याने दावा लावला म्हणजे शहाण्यालाही ती पायरी चढावीच लागते. मग पायऱ्या ठाऊक नसणे यात शहाणपण ते कोणते?

माझ्या चुलत्यांचीच गोष्ट सांगतो. बांधाच्या दाव्याचे समन्स घेऊन बेलीफ दारी आला. कागद हाती धरला नाही म्हणजे दावा अंगाला लागत नाही, या समजुतीने त्यांनी त्यास परत धाडले. परंतु समन्स नाकारणे म्हणजे कायद्याने ते बजावलेच. दावा एकतर्फी चालला. मोजणीचा नकाशा चुलत्यांच्या पेटीत होता, तो पेटीतच राहिला. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यास ३० दिवसांची मुदत असते. तीही रागातच निघून गेली. बांध गेला तो वादीच्या बळाने नव्हे, आमच्या अज्ञानाने.

यास्तव क्रम ध्यानी धरावा. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची असून तीत पुढे बदल झाले आहेत. वादी प्रथम दावा व कागद दाखल करतो. समन्स पोचताच प्रतिवादीने ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावी. न्यायालय कारणे नोंदवून ९० दिवसांपर्यंत सवड देऊ शकते. दरम्यान जमीन विकली जाऊ नये म्हणून तात्पुरती मनाई मागता येते. नंतर न्यायाधीश वादाचे मुद्दे काढतात. पुढील सारा पुरावा या मुद्द्यांभोवती फिरतो, म्हणून आपल्या वकिलाकडून ते समजावून घ्यावेत. मग सरतपासणीचे प्रतिज्ञापत्र, उलटतपासणी, युक्तिवाद, निकाल व हुकूमनामा. जिल्हा न्यायालयातील अपिलास ३० दिवस मिळतात. आणि हुकूमनामा हाती आला म्हणजे ताबा आला असे नव्हे. त्यासाठी १२ वर्षांच्या आत दरखास्त द्यावी लागते.

वाटपाच्या दाव्यात तर आधी हिस्से ठरविणारा प्राथमिक हुकूमनामा होतो, आणि सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निःसंदिग्ध केला. बहिणीस प्रतिवादी करून तिच्यासमोर उभे राहण्यापूर्वी भावांनी याचा विचार करावा.

या पायऱ्या चढण्यास किती काळ लागतो? पुण्यातील ताईमहाराज प्रकरण पाहा. बाबामहाराज पंडित १८९७ साली वारले. लोकमान्य टिळक त्यांच्या मृत्युपत्राचे एक विश्वस्त होते. १९०१ साली औरंगाबादेस झालेल्या दत्तकविधानावरून वाद पेटला. १९०६ साली पुण्याच्या न्यायालयाने ते दत्तक ग्राह्य धरले, १९१० साली मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला, आणि १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने तो पुन्हा कायम केला. ज्यांच्या दत्तकावर आक्षेप नाही असा निकाल मिळण्यास चौदा वर्षे लागली. आणि टिळकांसारखा कायदेपंडित कागद सांभाळून, तारखा न चुकविता लढला म्हणूनच तो मिळाला. आपल्यापैकी किती घरांना चौदा वर्षांचा खर्च पेलेल?

म्हणून शेवटची विनंती. तडजोडीचे दार प्रत्येक पायरीवर उघडे असते. चालू दावा लोकअदालतीत आपसांत मिटला तर कोर्ट फी परत मिळते, आणि त्या निवाड्यावर अपील नसल्याने वाद तेथेच संपतो. कुकडीच्या पाण्याने आपल्या तालुक्यात जमिनीचे मोल वाढले, तसे हातभर बांधाचे वैरही वाढले. मिटत असेल तर मिटवा. न मिटल्यास समन्स घ्या, कागद पेटीतून काढा, तारीख चुकवू नका.