प्रोजेक्ट विकत घेऊ नका



स्टार्टअपमध्ये नोकरी देताना पदवीला किती किंमत असते, यावर बोला असं कॉलेजनं कळवलं होतं. पण मुरुमात आल्यापासून मला उमरग्याची एसटीच आठवतेय. ती चुकली की आम्हा मुलांचा गणिताचा तास बुडायचा, आणि गणिताचे सर तोच तास संध्याकाळी व्हरांड्यात पुन्हा घ्यायचे. उत्तर बरोबर आलं तरी म्हणायचे, "पायऱ्या दाखव." त्या दोन शब्दांवर माझं पोट चालतं.

विषयाचं थोडक्यात सांगतो. मोठ्या आयटी कंपन्यांकडे अर्जांचे ढीग येतात, म्हणून त्यांतल्या बऱ्याच दहावी, बारावी आणि पदवीला ६० टक्क्यांची अट लावतात. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसालाही साधारणपणे पदवी लागते. तेव्हा शिक्षण अर्धवट सोडू नका. पण आमच्या पुण्यातल्या छोट्या कंपनीत नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात ग्राहकाच्या कामाला हात घालावा लागतो. म्हणून मुलाखतीत मी त्यानं लिहिलेला प्रोग्रॅम उघडतो आणि विचारतो, ही ओळ इथं कशासाठी? विकतचा प्रोजेक्ट तिथंच उघडा पडतो.

पोरांनो, प्रोजेक्ट विकत घेऊ नका! शेवटच्या वर्षाला तयार मिळतो, मित्र आणतात, सगळं खरं. तरी नका घेऊ. आडतीच्या हिशेबाचा, उसाच्या पावत्यांचा साधा प्रोग्रॅम स्वतः लिहा. तो चुकेल. चूक शोधायला रात्र जाईल, जाऊ द्या. शिकायला आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' फुकट आहेत, त्यातले कितीतरी मराठीत आहेत. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातले दादासाहेब भगत आयटीआय करून इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय झाले. ॲनिमेशन शिकले, मग प्रोग्रॅमिंग शिकले आणि 'डूग्राफिक्स' ही स्वतःची कंपनी उभी केली. लॉकडाऊनमध्ये त्यांचं काम गावाकडच्या गोठ्यातून चाललं.

पुढं बसलेल्या काका-मावशींना एक विनंती. लेक रात्री लॅपटॉप घेऊन बसली तर ओरडू नका. जवळ बसा, काय करतेस ते विचारा. तिनं तुम्हाला समजेल असं सांगितलं, तर ती मुलाखतीतही सांगेल.

आणि प्राचार्य सर, संगणकाची लॅब रविवारी उघडी ठेवाल का? महिन्यातला एक रविवार मी येतो. मुलांनी अर्धवट राहिलेलं, चालत नसलेलं काम घेऊन यावं. तयार प्रोजेक्ट मी बघणार नाही.