खिडकी कुणाची, पडदा कुणासाठी?

नव्या घरात सामान लावून झालं, की पहिली आठवण होते ती पडद्यांची. समोरच्या इमारतीतून आपलं जेवणाचं ताट दिसतंय हे लक्षात आलं, की मग धीर धरवत नाही. आमचंही तसंच झालं. पुण्यात पश्चिमेकडे खिडकी असलेला फ्लॅट घेतला आणि पहिल्याच रविवारी मी लक्ष्मी रस्त्यावरून जाड, गर्द मरून रंगाचं कापड घेऊन आले. सोफ्याला शोभेल असं!

पडदे लागले, पाहुण्यांनी कौतुक केलं. त्या खिडकीशी माझ्या सासूबाई बसत. गुडघ्यांमुळे त्यांचं जिने उतरणं बंद झालेलं. खालचा भाजीवाला, शाळेतून परतणारी मुलं, समोरचा गुलमोहर, हेच त्यांचं बाहेर जाणं. दुपारी उन्हासाठी मी पडदे ओढले, की खोलीत अंधार व्हायचा. भर दिवसा ट्यूब लावून त्या पेपर वाचायच्या. दोनेक आठवड्यांनी त्यांनी आपली खुर्ची आतल्या खोलीत नेली. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘अगं, पडद्याकडे किती वेळ बघत बसू?’’

गंमत म्हणजे खोली तरीही तापतच होती. ऊन एकदा काचेतून आत आलं, की ते पडद्यावर पडतं, गर्द कापड तापतं आणि ती उष्णता खोलीतच राहते. पश्चिमेचं ऊन तिरपं असल्यामुळे छज्जाही फारसा उपयोगी पडत नाही. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर. मग आम्ही बाल्कनीत बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा टांगला. आत मरून पडदे काढून पातळ, फिकट सुती पडदे लावले.

पातळ पडद्याची एक खोड मात्र ध्यानात ठेवा. दिवसा बाहेर उजेड जास्त, म्हणून आतलं बाहेरून दिसत नाही. रात्री आपण दिवा लावला, की नेमकं उलट होतं. त्यासाठी दोन दांड्या बसवाव्यात. एका दांडीवर पातळ, दुसऱ्या दांडीवर जाड. जाड पडदा फक्त रात्री ओढायचा.

आता हिशेब. दांडी 5 फूट म्हणजे 60 इंच असेल, तर चुण्या नीट पडण्यासाठी कापड दुप्पट रुंद, म्हणजे 120 इंच लागतं. कापडाचा पन्हा 48 इंच असला, तर तीन पन्हे घ्यावे लागतात. दांडीपासून जमिनीपर्यंत 7 फूट उंची आणि वर-खालच्या दुमडीला 1 फूट, असे प्रत्येकी 8 फूट. तीन पन्ह्यांचे झाले 24 फूट, म्हणजे साधारण साडेसात मीटर. मोठी नक्षी जुळवायची असेल, तर थोडं अधिक. सुती कापड शिंप्याकडे देण्याआधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि पडदा जमिनीपासून वर चढतो. आणखी एक: दुकानातल्या झगझगीत दिव्यांत रंगावर निर्णय घेऊ नका. हातभर नमुना घरी आणून त्याच खिडकीत धरून बघा, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा.

पण टेप घेऊन खिडकी मोजण्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारा. या खिडकीतून ऊन कोणत्या वेळी येतं? आणि इथे कोण बसतं? मी रंग सोफ्याला विचारला, सासूबाईंना विचारलंच नव्हतं.

मरून कापडाची दिवाणाची कव्हरं झाली. सासूबाईंची खुर्ची खिडकीशी परत आली. परवा मी स्वयंपाकघरात होते, तर त्यांनी हाक मारली, ‘‘लवकर ये, गुलमोहराला पहिला तुरा आलाय.’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)